नाक निळं, म्हणून नर? बजरीगरमधले नर-मादी ओळखताना

बेळगावातल्या पक्ष्यांच्या दुकानात "लव्ह बर्डची जोडी द्या" म्हटलं की हातात पडतात ते बहुतेक वेळा बजरीगर. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, वीतभरही लांब नसलेला, डोक्या-पाठीवर काळ्या रेघांच्या लाटा असलेला हा छोटा पोपट. दुकानदार भोकं पाडलेल्या खोक्यात दोन पिल्लं घालतो आणि नर-मादी आहेत म्हणून सांगतो. गिऱ्हाईक कन्नड असेल तर तेच "गंड-हेण्ण जोडी ऐती" असं सांगतो. सहा महिन्यांनी कळतं की दोन्ही नर आहेत आणि दिवसभर एकमेकांना गाणी ऐकवताहेत. किंवा दोन्ही माद्या निघतात आणि अंडी घालायला टांगलेल्या एका मडक्यावरून एकमेकींची पिसं उपटतात.

यात दरवेळी फसवणूक असतेच असं नाही. दुकानात येणारी पिल्लं ६-८ आठवड्यांची असतात, आणि त्या वयात नाकाचा रंग वाचायला नजर तयार असावी लागते. नेहमीची चूक अशी होते: एका पिल्लाचं नाक गुलाबी दिसतं, दुसऱ्याचं फिकट निळसर. 'निळं नाक नराचं' हे अर्धवट ऐकलेलं असतं, गुलाबी म्हणजे मुलगी हे डोक्यात बसलेलं असतं. मग गुलाबीला राणी आणि निळसराला राजा अशी नावं पडतात. या वयात खरं असतं ते नेमकं उलट.

त्यामुळे नाकाकडे बघण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. पक्षी किती महिन्यांचा आहे? आणि कोणत्या वाणाचा आहे? ही उत्तरं नसतील तर नाकाचा रंग काहीच सांगत नाही, उलट दिशाभूल करतो.

वय कसं ओळखायचं

पिल्लू साधारण ५ आठवड्यांचं झालं की मडक्यातून बाहेर येतं. तेव्हा त्याच्या कपाळावरच्या आडव्या काळ्या रेघा थेट नाकाला भिडलेल्या असतात. डोळे संपूर्ण काळे, मण्यासारखे. काहींच्या चोचीवर काळपट डाग असतो. ३-४ महिन्यांचं झाल्यावर पहिल्यांदा पिसं झडतात आणि कपाळ मोकळं होतं: हिरव्या रंगाच्या पक्ष्यांत पिवळं, निळ्या रंगाच्या पक्ष्यांत पांढरं. त्यानंतर बुबुळाभोवती फिकट कडं दिसू लागतं आणि ८ महिन्यांपर्यंत ते स्पष्ट पांढरं होतं.

थोडक्यात, कपाळावर रेघा म्हणजे ४ महिन्यांच्या आतलं पिल्लू. कपाळ मोकळं पण डोळा काळा म्हणजे मधलं वय. कपाळ मोकळं आणि डोळ्यात पांढरं कडं म्हणजे वयात आलेला पक्षी. पूर्ण पांढऱ्या किंवा पूर्ण पिवळ्या पक्ष्यांना रेघा नसतातच, तिथं ही खूण चालत नाही. आणि काही वाणांत तर डोळ्यात कडं आयुष्यभर येत नाही. त्यांच्याकडे पुढं येऊच.

नाक जवळून

'नाक' म्हणजे चोचीच्या मुळाशी असलेली जाडसर, मऊ कातडी, जिच्यात दोन नाकपुड्या असतात. इंग्रजीत तिला सीर म्हणतात, पण पक्षी पाळणारी माणसं नाकच म्हणतात.

ते बघायला पक्षी पकडायची गरज नाही. पिंजरा डोळ्यांच्या पातळीवर ठेवा आणि समोरच्या जाळीला राळ्याचं एक कणीस अडकवा. राळे म्हणजे इकडचं नवणे. पक्षी कणसावर बसला की दोन-तीन मिनिटं तोंड समोर ठेवून खात राहतो, तेवढ्यात फ्लॅश न वापरता मोबाईलवर समोरून फोटो काढा. बाजूनं काढलेल्या फोटोत नाकपुडीची कडा दिसत नाही, आणि सगळी गोम त्या कडेतच असते. चौकटीत पक्ष्याशेजारी पांढरा कागद येऊ द्या. फोटोत कागद पिवळट दिसला तर नाकही पिवळट दिसणार, म्हणजे तो फोटो बाद. जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूरकडं दिवसाही घरात दिवे लावावे लागतात. बल्बच्या उजेडात फिकट नाक तपकिरी वाटतं, ट्यूबच्या उजेडात तेच निळं वाटतं. ढग थोडे उघडले की पिंजरा पडवीत आणा आणि तिथं बघा.

आता काय दिसेल ते.

पिल्लू नर असेल तर नाक एकसारखं गुलाबी-जांभळं असतं. पिकल्या जांभळाचा गर बोटाला लागल्यावर जो रंग राहतो, साधारण तसा. नाकपुडीच्या कडेपर्यंत तोच रंग, मध्ये कुठं पांढरं नाही. नाक जरा फुगीर आणि तुकतुकीत वाटतं.

पिल्लू मादी असेल तर नाक फिकट: पांढरट निळं, पांढरट गुलाबी किंवा खडू फासल्यासारखं. मुख्य खूण म्हणजे दोन्ही नाकपुड्यांभोवती पांढरी वर्तुळं. बाकीचं नाक निळसर असलं तरी चालेल, भोकाभोवती पांढरं कडं असेल तर ती मादी समजा. राजा म्हणून आणलेला निळसर नाकाचा पक्षी बहुधा हाच असतो.

वयात आलेल्या साध्या वाणाच्या नराचं नाक ४-६ महिन्यांत भरून निळं होतं. गडद, गुळगुळीत, नाकपुडीच्या कडेसकट निळं. मादीचं नाक मात्र स्थिर राहत नाही. तिच्या अंगात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढलं, म्हणजे ती अंडी घालायच्या तयारीला लागली, की नाकावर कातडीचा थर साचतो. नाक तपकिरी, खरखरीत, सुकलेल्या चिखलासारखं होतं. हंगाम सरला, मडकं काढलं, की काही आठवड्यांत वरचा थर सुटतो आणि खाली फिकट निळसर-पांढरं नाक निघतं. 'आमची मादी नर झाली' ही तक्रार इथूनच येते. रंग उतरलेल्या मादीचा निळा आणि नराचा निळा शेजारी शेजारी ठेवून पाहिले की फरक कळतो: तिचा पाणी घातलेल्या निळीसारखा, आणि भोकाभोवती पांढरा. एकच पक्षी घरात असेल तर असा मुकाबला करता येत नाही. मग दर आठवड्याला एक फोटो, तारखेसकट, ५-६ आठवडे. मादीचं नाक या काळात कुठंतरी हलतंच. निरोगी नराचं निळं एकदा बसलं की बसलं.

साचलेला तपकिरी थर नखानं खरवडू नका. खाली रक्त असतं. फार वाढून नाकपुडीच बुजायला लागली तर पक्षी तपासणाऱ्या डॉक्टरांकडून तो मऊ करून काढून घ्यावा.

तीन पांढरे पक्षी

वाणाची भानगड सगळ्यात जास्त नडते ती पांढऱ्या आणि पिवळ्या पक्ष्यांत. पिंजऱ्यात तीन पांढरेशुभ्र बजरीगर आहेत, तिन्ही वयात आलेले नर आहेत, आणि तरी तिघांची नाकं सारखी नाहीत.

पहिला अल्बिनो. डोळे लाल. याच्या कातडीत मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य नसतं. नाक निळं दिसायला निळा कुठला रंग भरलेला नसतो. कातडीत विखुरणाऱ्या प्रकाशामागं मेलॅनिनचा काळा पडदा असावा लागतो. पडदाच नाही, म्हणून अल्बिनो नराचं नाक जन्मभर गुलाबी-जांभळं राहतं. पिवळ्या, लाल डोळ्यांच्या लुटिनोचंही तेच.

दुसरा दुहेरी स्पँगल, म्हणजे स्पँगल या वाणाचा गुण आई-बाप दोघांकडून मिळालेला. अंग पांढरं, पण डोळा काळा आणि त्यात पांढरं कडं. याचं नाक साध्या नरासारखंच निळं होतं.

तिसरा काळ्या डोळ्यांचा पांढरा, ज्याला हौशी लोक डार्क आईड क्लिअर म्हणतात. डोळा काळा, पण वय कितीही झालं तरी कडं येत नाही. याचं नाक गुलाबी-जांभळंच राहतं.

रिसेसिव्ह पाईड या ठिपक्या-ठिपक्यांच्या वाणातल्या नराचंही नाक गुलाबी आणि डोळा बिनकड्याचा असतो. दुकानात 'हार्लेक्विन' म्हणून मिळतो तो हाच. लेसविंग या लाल डोळ्यांच्या वाणाचा नरही गुलाबी नाकाचा. म्हणजे मोठा झालेला गुलाबी नाकाचा पक्षी दिसला तर आधी डोळा बघा. लाल किंवा बिनकड्याचा असेल तर तो नर असू शकतो, नव्हे बहुधा असतोच.

या सगळ्या वाणांत मादी ओळखणं मात्र त्या मानानं सोपं. तिचा तपकिरी थर मेलॅनिनचा नसतो, साचलेल्या कातडीचा असतो. त्यामुळे अल्बिनो मादीचंही नाक हंगामात व्यवस्थित तपकिरी होतं. हंगामाबाहेर ते पांढरट आणि कोरडं दिसतं, नराचं ओलसर गुलाबी.

वागण्यावरून

याला पुरावा म्हणू नये, साक्ष म्हणावी.

नर बडबड्या असतो. तासन् तास हळू आवाजात एकसंध किलबिल, मध्येच घरातल्या कुकरच्या शिट्टीची नक्कल. मान वरखाली झटकत नाचतो, काडीवर किंवा आरशावर चोचीनं टकटक करतो, गाताना डोळ्याची बाहुली बारीक-मोठी होते. मादीचा आवाज तुटक आणि चिरका. तिचा जीव कुरतडण्यात असतो: कागद, लाकूड, मडक्याचा काठ, खिडकीला पिंजरा टेकवला असेल तर पडदासुद्धा. चावा तिचा जोरात. बोटाला रक्त निघालं तर बहुधा तिचं काम.

पण दोन नर एका पिंजऱ्यात वाढले तर त्यांतला एक दुसऱ्याला उलटून भरवतो, चोचीत चोच घालतो, आणि बघणारा खूश होतो की जोडी जमली. मादीही कधी कधी चांगली बोलते. मोठं डोकं, गडद रंग, लांब शेपूट यांवरून नर ठरवणारी माणसं भेटतात. शेपूट तर पिसं झडली की दोघांचीही आखूड होते. पोटाखालची दोन टोकदार हाडं चाचपून अंतर मोजणं ही जुनी रीत. अंडी घालायला आलेल्या मादीत हाडं खरंच फाकतात आणि मध्ये करंगळीचं टोक मावतं. मात्र कोवळ्या मादीत ती नराइतकीच जवळ असतात. शिवाय पक्षी हातात दाबला जातो. पक्ष्याला माणसासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढं-मागं हलवूनच तो श्वास घेतो. मूठ छातीवर आवळली की एका मिनिटात खेळ संपू शकतो. हाडं चाचपण्याच्या फंदात पडू नये हे बरं.

मडक्यातला पुरावा

अंडं घातलं म्हणजे मादी, यात वाद नाही. नराशिवायही मादी अंडी घालते, कोंबडीसारखीच. म्हणून एकट्या ठेवलेल्या 'राजा'नं एक दिवस पिंजऱ्याच्या तळाशी अंडं टाकलं तर चमत्कार झाला असं समजायचं कारण नाही.

यात जिवाचाही प्रश्न आहे. नर समजून पाळलेला पक्षी पिसं फुगवून तळाशी बसला, शेपूट श्वासासरशी वरखाली हलतेय, पोट फुगलंय, असं दिसलं तर अंडं अडकलं असण्याची शक्यता मोठी. नर समजत असाल तर हा विचारच मनात येत नाही आणि सर्दीवर औषध सुरू होतं. बेळगावच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हे जास्त घडतं, कारण गारठा आणि कॅल्शियमची उणीव दोन्ही अंडं अडकायला कारण होतात. पिंजऱ्याची एक बाजू बल्बनं ३० अंशांच्या आसपास उबदार करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोट दाबून अंडं बाहेर काढायचा प्रयत्न करू नका, आत फुटलं तर पक्षी जातो. अंडी घालू शकणाऱ्या प्रत्येक पक्ष्याच्या पिंजऱ्यात समुद्रफेस कायम टांगलेला असावा.

जोडी खरी असेल तर मादी दिवसाआड एक अंडं घालते, एकूण ४ ते ६, आणि १८ दिवस तीच उबवते. नर तिला मडक्याच्या तोंडाशी भरवतो. आता खानापूरच्या मातीचं छान मडकं आणून टांगलं, दोन्ही पक्षी आत जाऊ लागले, आणि अंडी रोज एक येऊ लागली. आकडा ९-१० वर गेला. रोजचं अंडं म्हणजे दोन माद्या पाळीपाळीनं घालताहेत. एका मादीच्या अंगात रोज अंडं तयार होत नाही. सहाव्या-सातव्या दिवशी अंधारात अंड्याखाली बारीक टॉर्च धरा. फळलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. सगळीच्या सगळी पिवळी, पारदर्शक असतील तर दोन माद्यांचा संशय पक्का.

अंडी दिवसाआड, पाच, आणि तरी सगळी पारदर्शक? मग लगेच नराला मादी ठरवू नका. नर कोवळा असेल, किंवा बसायची काडी हलत असेल. संग काडीवर होतो. काडी गोल फिरत असेल तर तोल जातो आणि अंडी रिकामी राहतात. काडी तारेनं घट्ट बांधा आणि पुढच्या वेळी बघा.

एक नर आणि दोन माद्या हा हिशेब कोंबड्यांत चालतो, बजरीगरमध्ये नाही. मडक्यावरून माद्या एकमेकींना जिवानिशी मारतात, दुसरीची पिल्लंही. म्हणून पिंजऱ्यात मडकं टांगण्याच्या आधी नर-मादी नक्की असलेली बरी.

बाप लाल डोळ्यांचा असेल तर

हा भाग थोडा किचकट आहे, पण पैसे न खर्चता, पिल्लू डोळे उघडायच्या आत नर-मादी सांगणारी एवढीच एक रीत आहे.

माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, पक्ष्यांत आईकडून. नर पक्ष्याकडे झेड नावाची दोन गुणसूत्रं असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मुलाला आई-बाप दोघांचा एकेक झेड मिळतो. मुलीला डब्ल्यू आईकडून आणि तिचा एकुलता झेड बापाकडून.

लुटिनो-अल्बिनोचा गुण या झेडवर बसलेला असतो, आणि तो दबता आहे. मुलात तो दिसायला दोन्ही झेडवर असावा लागतो, मुलीत एकाच झेडवर पुरतो, कारण तिच्याकडे दुसरा झाकणारा झेड नाही. आता बाप लुटिनो आणि आई साधी हिरवी घ्या. प्रत्येक मुलीला बापाचा लुटिनो झेड मिळतो: सगळ्या मुली लुटिनो. प्रत्येक मुलाला बापाचा लुटिनो आणि आईचा साधा: सगळे मुलगे हिरवे. पिल्लाचे डोळे साधारण दहाव्या दिवशी उघडतात, पण त्याआधीही पातळ कातडीखालून डोळ्याचा रंग दिसतो. गुलाबी डोळा ती मुलगी, काळा डोळा तो मुलगा.

उलट्या जोडीत, म्हणजे आई लुटिनो आणि बाप साधा हिरवा असेल तर हे चालत नाही. सगळी पिल्लं हिरवी निघतात आणि नर-मादी काही कळत नाही. सिनॅमन, ओपलाइन आणि लेसविंग हे वाणही झेडवरचे, त्यांना हाच नियम लागू. हिरवा-निळा, स्पँगल, पाईड यांचा झेडशी संबंध नाही. जाता जाता: बाप पांढरा अल्बिनो आणि आई अस्सल हिरवी असेल तर मुली पिवळ्या निघतात. पांढऱ्या बापाला पिवळ्या मुली कशा, म्हणून मादीवर संशय घेऊ नये. निळेपणाचा गुण हिरव्यापुढं दबतो, म्हणून मुली लाल डोळ्यांच्याच, पण हिरव्या घराण्यातल्या, म्हणजे लुटिनो होतात.

मात्र हे गणित एका पिंजऱ्यात एकच जोडी असेल तरच सुटतं. मोठ्या पिंजऱ्यात पाच-सहा जोड्या एकत्र असतील तर मडक्यापुढं बसलेला नरच बाप असेल याची खात्री नाही.

रंग अचानक बदलला तर

वर्षानुवर्षं निळं असलेलं नराचं नाक तपकिरी व्हायला लागलं तर ते दुखणं आहे. वृषणातली गाठ इस्ट्रोजेन तयार करू लागली की नराच्या नाकावर मादीसारखा थर चढतो. सोबत वजन घटतं, पोट फुगतं, आणि गाठ मज्जातंतूवर दाबली की एक पाय लंगडतो. लंगडणं आणि तपकिरी नाक एकत्र दिसलं तर थांबू नका.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे चेहऱ्याची खरूज. सूक्ष्म किडे कातडीत बिळं करतात आणि नाक, चोचीचे कोपरे, डोळ्यांच्या कडा स्पंजासारख्या छिद्राछिद्रांच्या, पांढरट-करड्या होतात. नाक खरखरीत झालं म्हणून मादी समजलं जातं. फरक सोपा आहे: मादीचा थर नाकापुरता राहतो, खरूज चोचीच्या कोपऱ्यांत आणि पायांवर पसरते. यावर आयव्हरमेक्टिन चालतं, पण ३०-३५ ग्रॅमच्या जिवाला किती थेंब हे डॉक्टरांनीच ठरवायचं. गुरांसाठी आणलेल्या बाटलीतून अंदाजानं लावलेलं औषध पक्ष्याला मारतं.

आपला हिरवा राघू

'पोपटाला कंठ फुटला की नर' हे सीमाभागात सगळ्यांनाच माहीत असतं, आणि ते बरोबरही आहे. गळ्याभोवती गुलाबी कडं आणि हनुवटीखाली काळा पट्टा असलेला तो नर. पण कंठ फुटायला दीड ते तीन वर्षं लागतात, तोवर नर-मादी अगदी सारखे दिसतात. म्हणून बिनकंठाचा म्हणजे मादी असं नाही. आणि मैना ही राघूची बायको नव्हे. तो वेगळाच पक्षी आहे, जोडी फक्त आपल्या बोलण्यातली. मोठ्या करण पोपटाच्या खांद्यावरचा लाल डाग नर-मादी दोघांनाही असतो, कंठ मात्र नरालाच.

खानापूर, भीमगडच्या जंगलात निळ्या पंखांचा पोपट दिसतो. त्यातल्या नराची वरची चोच लाल, मादीची काळी. दुर्बिणीतून बघा आणि सोडून द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं सगळंच गुन्हा आहे, मग तो कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडचा असो की पलीकडचा. झाडावरून पडलेलं पिल्लू सापडलं तर वनखात्याकडे द्यायचं. बजरीगर परदेशी आणि पिंजऱ्यातच पैदास झालेला, म्हणून तो पाळता येतो.

कॉकटेल (कॉकटिएल) या तुरेवाल्या पोपटाबद्दल एवढंच: करड्या रंगाचा असेल तर पहिली पिसं झडल्यावर नराचा चेहरा पिवळाधमक होतो, मादीचा मळकट राहतो आणि शेपटीखाली पट्टे दिसतात. खऱ्या आफ्रिकन लव्ह बर्डच्या नेहमी मिळणाऱ्या वाणांत बाहेरून काहीच कळत नाही. तिथं पिसाची तपासणीच.

पिसावरून तपासणी

बजरीगरमध्ये हिची गरज क्वचित पडते: अल्बिनो किंवा पाईड पिल्लं, हंगाम न दाखवणारा एकटा पक्षी, किंवा पैदाशीसाठी दुरून मागवलेला महागडा पक्षी. प्रयोगशाळा पिसाच्या मुळाशी चिकटलेल्या पेशींतून सीएचडी नावाचं जनुक बघते. ते झेड आणि डब्ल्यू दोन्हींवर असतं, पण लांबी वेगळी. दोन लांबीचे पट्टे उमटले तर मादी, एकच उमटला तर नर.

चुका होतात त्या आपल्याच घरी. पिंजऱ्यात पडलेलं पीस पाठवू नका, गळून पडलेल्या पिसाच्या टोकाला पुरेशा जिवंत पेशी नसतात. छातीवरची छोटी पिसं लागतात. लव्हबर्ड-कॉकटेलला ४-५ पुरतात, बजरीगरची पिसं बारीक, म्हणून ६-८ घ्या. पक्षी पातळ रुमालात घ्या, मानेच्या दोन्ही बाजूंना तर्जनी आणि मधलं बोट, छातीवर दाब नाही. दुसऱ्या माणसानं पिसाचा दांडा कातडीजवळ चिमटीत धरून पीस ज्या दिशेला वळलंय त्याच दिशेनं झटक्यात ओढायचं. मुळाला बोट लावायचं नाही. पंखाचं किंवा शेपटीचं वाढतं पीस उपटू नका, त्यात रक्त असतं आणि ते वाहत राहतं.

पिसं कागदी लिफाफ्यात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्याची दमट हवा कोंडते आणि कुरिअर पोचेपर्यंत बुरशी धरते. एका पक्ष्याचं झालं की हात साबणानं धुवा, चिमटा स्पिरिटनं पुसा, मगच दुसरा पक्षी. लिफाफ्यावर नाव लिहू नका, पायातल्या कड्याचा नंबर लिहा. पिंजऱ्यात तीन हिरवे असतील तर 'मिठू' कोणता हे तुम्हालाही आठवणार नाही. कडं नसेल तर लिफाफ्यावर एक आकडा लिहा आणि पक्ष्याचा फोटो काढून त्याच्या मागं तोच आकडा टाका.

अहवालात नर आणि पिंजऱ्यात अंडं, असं झालंच तर अंड्यावर विश्वास ठेवा आणि पिसं पुन्हा पाठवा. पहिल्या वेळी उपटताना किंवा लिफाफे चिकटवताना कुठंतरी अदलाबदल झालेली असते.